कोणता ‘हं’, अक्का?

अक्का, तू गेल्यापासून घरात मोठा घोळ होऊन बसलाय. दादा ‘हं’ म्हणतात आणि तो कुणालाच कळत नाही.

भेटायला माणसं येतात, ओसरीवर बसतात. कुणी विचारतं, “जेवलात का?” दादा म्हणतात, “हं.” कुणी म्हणतं, “लई वाईट झालं.” दादा म्हणतात, “हं.” कुणी शहाणी बाई डोळ्याला पदर लावून सांगते, “सवाष्ण गेली, सोनं झालं तिचं.” त्यालाही तोच “हं.” लोकांना वाटतं, गडी सावरला बरं का. मी आतून दाराआडून ऐकत असते. तिन्ही ‘हं’ वेगवेगळे होते एवढं मला समजतं. पण कोणता काय सांगून गेला, ते समजत नाही. ते काम तुझं होतं.

तुझ्यावर काहीतरी लिही असं माझी पोरगी म्हणाली. मला ते अमक्या गावी जन्म, तमक्या घरी लग्न असलं लिहायचं नाही. मला तुझ्याशी भांडायचंय. आपलं भांडण अर्धं राहिलंय, आणि तू मेलीस म्हणून मी ते सोडून देईन असं समजू नकोस.

मी वसमतची. बसस्टँडच्या गजबजाटात वाढलेली, बारावी झालेली, तोंडाने फटकळ. सेनगाव तालुक्याच्या या कोपऱ्यातल्या गावात धाकटी सून म्हणून आले, तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच दिवशी नियम सांगितला: मोठ्या दिराशी बोलायचं नाही. समोर आले तर पदर घ्यायचा, बाजूला व्हायचं, खाली बघायचं. काही सांगायचं असलं तर मोठीला सांगायचं. मोठी म्हणजे तू. माझी जाऊ, दादांची बायको. मला रडूच फुटलं होतं. न बोलण्याची शिक्षा मला शाळेतसुद्धा कुणी दिली नव्हती.

तू मला चुलीपाशी नेलंस आणि म्हणालीस, “रडू नको. मी हाय ना मधात.”

आणि तू खरंच मधात राहिलीस, अक्का. इतकी वर्षं. दादा अंगणात उभे, मी स्वयंपाकघरात, मधे एक उघडं दार. ते घसा खाकरायचे. तू माझ्याकडे तोंड करून म्हणायचीस, “हे इचारून राहिले, चहा झाला का.” मी म्हणायचे, “सांगा, झाला.” तू दाराकडे तोंड करून म्हणायचीस, “झाला म्हणते धाकटी.” आम्हा दोघांनाही सगळं ऐकू गेलेलं असायचं. तरी तू बोलून दाखवल्याशिवाय चहा काही बाहेर जायचा नाही. तू माहेरी गेलीस की आमची पंचाईत. मग मी भिंतीला सांगायचे, “ताट वाढलंय गं बाई.” दादा भिंतीचं ऐकून जेवायला यायचे.

सासूबाई गेल्या. नियम सैल करता आला असता. गावातल्या दुसऱ्या सुना मोबाइलवर दिरांशी हसत बोलतात. पण आपल्या घरात तो विषय कुणी काढलाच नाही. आम्हाला त्याची सवय झाली होती, आणि खरं सांगायचं तर तुझ्या मधे असण्याचीही.

चारचौघांत मी तुला ‘तुम्ही’ म्हणायचे आणि चुलीपाशी ‘तू’. आता चारचौघं गेले, चूल राहिली, म्हणून ‘तू’च म्हणते.

तर भांडण त्या ‘हं’चं. दादांच्या तोंडात शब्द फार नव्हते. जो होता तो एकच, आणि त्याच्यावर त्यांनी अख्खा संसार चालवला. सोयाबीन काढायचं का? हं. संतोषला नवीन दप्तर आणायचं का? हं. पाव्हण्यांची पोरगी कशी वाटली? हं. बाकीच्यांना ते सगळं सारखंच ऐकू यायचं. तू मात्र आत येऊन सांगायचीस, “न्हाई म्हणले.” मी म्हणायचे, “अक्का, ‘हं’ म्हणाले ते. मी काय बहिरी आहे का?” तू शांतपणे म्हणायचीस, “अगं, त्यो न्हाईचा हं व्हता.”

नाकातून आलेला हं वेगळा, पोटातून आलेला वेगळा. बिडी विझवून म्हटलेला पक्का, बिडी पेटवता पेटवता म्हटलेला कच्चा, त्यावर विसंबायचं नाही. हं म्हणून खाली बघितलं तर नको आहे पण तुमच्यासाठी सोसतील. हं म्हणून रानाकडे बघितलं तर ऐकलंच नाही, पुन्हा विचारायचं. तू मला हे सगळं शिकवायचा प्रयत्न केलास. मला काही केल्या जमलं नाही, कारण अर्धा धडा बघण्याचा होता आणि मला वर बघायची बंदी.

पण तू चुकायचीसही, हं! ती म्हैस आठव. तू म्हणालीस, म्हशीला दादांचा होकार आहे. आमचे हे खुशीत जाऊन म्हैस घेऊन आले. दादा रानातून आले, दावणीला म्हैस बघितली आणि म्हणाले, “हं?” त्या ‘हं’चा अर्थ माझ्यासकट पाळण्यातल्या पोरीलाही कळला. त्यांनी सकाळी नुसता घसा साफ केला होता. मी स्वयंपाकघरात पदर तोंडात कोंबून हसत होते. तू मात्र हार मानली नाहीस. म्हणालीस, “आता आली हाय तर ऱ्हाऊ द्या. तुमाला दूध नको व्हय?” आणि दादा पुन्हा म्हणाले, “हं.” तू आत येऊन मला म्हणालीस, “बघ. हो म्हणले.”

तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली, की तू अर्थ लावतेस की अर्थ घालतेस.

ती शंका पक्की झाली माझ्या पोरीच्या वेळी. मनीषाला नर्सिंगला नांदेडला जायचं होतं. आमचे हे तयार नव्हते. पोरीला एकटीला होस्टेलवर ठेवायचं म्हणजे लोक काय म्हणतील, हे त्यांचं एकच पालुपद. शेवटी म्हणाले, मोठा भाऊ सांगेल तसं. तू ओसरीवर दादांपाशी गेलीस. मी दाराआड उभी. तू हलक्या आवाजात बरंच काही बोललीस. दादा म्हणाले, “हं.” एवढंच. माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

आणि तू आत आलीस, तीही मोठ्या आवाजात, म्हणजे ह्यांना ऐकू जावं असं. “हे म्हणून राहिले, पोरगी हुशार हाय, तिला शिकू द्या. घरात एक तरी लेकरू शिकलेलं पाहिजे. लोकायला म्हणावं, माझ्याकडं या बोलायला. धाकट्याला सांग, माझा शब्द हाय.”

ह्यांनी मान खाली घातली. मोठ्या भावाचा शब्द! दुसऱ्या आठवड्यात पोरगी नांदेडला.

मी तुला त्याच दिवशी पीठ मळता मळता विचारलं होतं, “अक्का, एवढं सगळं ते कधी बोलले?”

“तुझ्यासमोर तर बोलले.”

“मी ‘हं’ ऐकला.”

“मग तेवढंच ऐकलं तुनं. शब्द लहान असला म्हणून काय माणूस लहान असतो व्हय?”

ह्या वाक्यावर तू मला गप्प केलंस असं तुला वाटलं असेल. मी गप्प झाले नव्हते. पीठ हाताला चिकटलं होतं म्हणून थांबले.

त्यानंतर हे भांडण आपल्या घरात पाहुण्यासारखं येत-जात राहिलं, आणि मी मागचे निरोपही उकरून काढले. मी बाळंतपणानंतर आजारी पडले तेव्हा म्हणे दादा म्हणाले होते, धाकटीला रानात पाठवू नका. माझे वडील वारले तेव्हा म्हणे दादा म्हणाले होते, तिला माहेरी हवे तेवढे दिवस राहू द्या, घरातलं आपण बघू. अंगणवाडीत मला नेमणूक मिळाली तेव्हा म्हणे दादांनी गावात सांगितलं, आमच्या धाकटीसारखी लेकरं कुणी सांभाळत नाही. प्रत्येक वेळी निरोप आणणारी तू. प्रत्येक वेळी दाराआडून मी ऐकलेला फक्त ‘हं’.

मला हे जाणून घ्यायचं होतं, अक्का. उगाच खोड काढायची म्हणून नाही. मी ज्या माणसाचा चेहरा धड बघितलेला नाही, त्याच्याबद्दल माझ्या मनात एवढी माया साठली होती. ती माया ज्याची त्याला पोचत होती का? का मी इतकी वर्षं तुझेच उपकार त्यांच्या नावावर मानत होते?

शेवटचं भांडण तू जायच्या आधल्या आठवड्यातलं. आपण उन्हात बसून तुरीच्या शेंगा सोलत होतो. मी म्हणाले, “आज खरं सांग. ते शिकू द्या म्हणाले होते का?” तू शेंग मोडलीस, दाणे टोपल्यात टाकलेस. म्हणालीस, “तुला काय फरक पडतो? पोरगी शिकली ना?”

“मला पडतो.”

“मग तुझं तू बघ,” म्हणालीस आणि चिडून टोपलं उचलून पलीकडच्या सावलीत जाऊन बसलीस. थंडीत, सावलीत. मला हसू आलं. मी तुला हाक मारली नाही, तू मला मारली नाहीस. संध्याकाळी दोघींनी मिळून त्याच दाण्यांची आमटी केली आणि बोलणं तिखट किती घालायचं यावर गेलं. पुढं तू छातीत दुखतंय म्हणालीस, आणि सेनगावच्या दवाखान्यापर्यंतही थांबली नाहीस.

मला वाटलं होतं, आपल्याला अजून कितीतरी हिवाळे शेंगा सोलायच्या आहेत.

आता पुढचं सांगते, जे तुला माहीत नाही.

तुझं सगळं यथासांग झालं. तेराव्याला गाव जेवलं. संतोष पुण्याहून आला तो राहिला. फार रडला गं तुझं पोरगं. दाढी वाढलेली, तुझी चप्पल दाराशी तशीच, ती उचलायलाही हात होईना त्याचा. पोरगं चांगलं आहे, त्याच्याबद्दल कुणी वाईट बोललेलं मी ऐकून घेणार नाही. तो दादांच्या पायाशी बसला आणि म्हणाला, “दादा, आता इथं एकटं कसं ऱ्हाणार तुमी? चला माझ्यासंगं पुण्याला. कायमचं.”

दादा म्हणाले, “हं.”

झालं. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. संतोषने बायकोला फोन करून खोली आवरायला सांगितली. आमच्या ह्यांनी शेजाऱ्यांना सांगितलं, “भाऊ पुण्याला चालले. लेकानं विचारलं, लगेच हो म्हणले.”

मी ह्यांना आत बोलावलं. “कोणता हं होता तो?”

“कोणता म्हणजे? हं म्हणजे हं.”

“अहो, तसं नसतं.”

“मग कसं असतं?”

आता मी काय सांगणार! मी तुझ्यासारखं सांगायला लागले, नाकातला, पोटातला, बिडीचा, तर हे माझ्याकडे बघतच राहिले. त्यांना वाटलं दुःखाने माझ्या डोक्यावर परिणाम झालाय.

पण मला पुण्याची ती खेप आठवत होती. मागे संतोषने नवीन घर घेतलं तेव्हा तुम्ही दोघं पुण्याला गेला होतात. महिनाभर राहणार होतात आणि आठवडा संपायच्या आत एसटीने परत आलात. तू मला सांगितलं होतंस, “हे गॅलरीत उभं राहून खाली बघत ऱ्हायचे. खाली समदी डांबराची जमीन. जेवण अर्ध्यावर सोडायचे. मी म्हणलं, चला घरी, तर पिशवी माझ्या आधी भरली यायनी.” आणि आता त्याच गॅलरीत कायमचं, तेही तुझ्याविना. एका ‘हं’च्या भरवशावर एवढा मोठा माणूस उचलून न्यायचा?

मी ह्यांना गळ घातली, तुम्ही नीट विचारा. हे ओसरीवर जाऊन बसले. बराच वेळ बसले. विहिरीच्या मोटारीचं बोलले, हळदीचा पाला वाळायला लागला त्याचं बोलले, हिंगोलीच्या बाजारात भाव काय चाललाय ते बोलले. आत आल्यावर मी विचारलं, “विचारलं का?”

“विचारलं ना.”

“काय म्हणाले?”

“हं म्हणले.”

“काय विचारलं तुम्ही?”

हे जरा घुटमळले. “म्हणलं, तब्येतीला जपा तिकडं. मोठ्या भावाला उलटसुलट प्रश्न विचारायचे असतात का?”

अक्का, मी कपाळावर हात मारून घेतला. अख्खं गाव एका माणसाचा अर्थ लावत होतं आणि त्या माणसाला विचारायला कुणी तयार नव्हतं. संतोषला वाटत होतं बापाला यायचंय, कारण त्याला बाप न्यायचा होता. ह्यांना वाटत होतं भाऊ खुशीत आहे, कारण तसं वाटलं की पुढचं काही करायला नको. प्रत्येकाने त्या ‘हं’मध्ये आपल्याला हवं ते घालून घेतलं. घालायचीस तूही. पण तू घालायच्या आधी त्यांच्याकडे बघायचीस.

मीही बघायचं ठरवलं. तर मला काय सापडलं सांगू? मला दादांचे पाय ओळखता येतात. टाचेच्या भेगा, डाव्या अंगठ्याचं काळं नख, चप्पल घासत चालायची लकब. पाय ओसरीवरून उतरले की ते रानात निघाले, पाय दुमडले की जेवायला बसले. इतक्या वर्षांत पदराखालून एवढंच बघितलं होतं मी. आणि पायांवरून कसं कळायचं की ह्या माणसाला पुण्याला जायचंय की नाही?

जायचा दिवस उजाडला. संतोष गाडीत हवा भरायला सेनगावला गेला होता. हे दूध घालायला गेलेले. दादा ओसरीवर बसलेले, शेजारी त्यांची पिशवी. मी अंगण झाडत होते. एकच जागा मी पुन्हा पुन्हा झाडत होते, ते त्यांच्या लक्षात आलं असेल तर देव जाणे.

सवयीने मी भिंतीकडे तोंड केलं. भिंतीला काहीतरी सांगणार होते. आणि मला वाटलं, भिंत काय करेल? भिंत काही तुझ्यासारखी पदरचं घालून सांगणार नाही. मी खराटा खाली ठेवला, पदर डोक्यावर घेतला आणि ओसरीसमोर जाऊन उभी राहिले.  

“दादा,” मी म्हणाले.

पाय हलले. एकदम आत ओढले गेले, लहान पोराने कुणी ओरडल्यावर घ्यावेत तसे.

“दादा, तुमाला पुण्याला जायचंय का? खरं सांगा. आन हं म्हणू नका. हं मला कळत न्हाई.”

आणि मी वर बघितलं.

अक्का, तू मला कधी सांगितलं नव्हतंस की त्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्यात. ते माझ्याकडे बघत होते. त्यांचे डोळे संतोषसारखेच आहेत, हेही मला माहीत नव्हतं. म्हणजे संतोषचे त्यांच्यासारखे. ओठ हलले, हं म्हणायलाच हलले असणार, पण मी नको म्हटलं होतं. मग त्यांना दुसरा शब्द शोधायला वेळ लागला. मी उभी राहिले.

“न्हाई,” ते म्हणाले. “न्हाई जायाचं मला.”

“मग संतोषला हं काहून म्हणले?”

“लेकरू एवढ्या लांबून आलं. रडून राहिलं पायापाशी. त्याला तोंडावर न्हाई कसं म्हणू? तिनं सांगितलं असतं त्याला. बराबर सांगितलं असतं.”

तुझं नाव न घेता ते ‘तिनं’ म्हणाले आणि आम्ही दोघांनी एकदमच स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. मग मला रडू आलं. त्यांनाही आलं. त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं. मी पदराने पुसलं. मधे कुणी नव्हतं, त्यामुळे एकमेकांचं रडणं सरळच दिसत होतं, पहिल्यांदा.

“मी सांगते संतोषला,” मी म्हणाले. “पर तुमी एकटे ऱ्हाणार का इथं? तुमाला तकलीफ झाली तर?”

आणि मग दादा बोलले. सलग बोलले, अक्का. तुझ्यासमोर कधी एवढं बोलले असतील की नाही शंका आहे.

“एकटा कसा? तुमी हायेत ना. ती म्हणायची, धाकटीला तुमची लई काळजी. दर हिवाळ्यात तुमी सांगून पाठवायच्या, पहाटं गव्हाला पाणी द्यायला जाता, स्वेटर घालून जात जा म्हणावं. ती यायची सांगायला. मी घालायचो. दात पडले तवा तुमीच म्हणला व्हता, दादाची भाकर मऊ करा, कडा वेगळ्या काढा. मी आजारी पडलो तवा तुमी उपास धरले, तेबी सांगितलं तिनं. मला बोलता येत न्हाई. कधी सांगितलं न्हाई तुमाला. पर माझ्या सख्ख्या बहिणीनं एवढं केलं न्हाई.”



अक्का, मी स्वेटरचं कधीच म्हणाले नव्हते. मला ते स्वेटर घालतात हेसुद्धा माहीत नव्हतं, मला तर फक्त पाय दिसायचे. भाकरीच्या कडा तू काढायचीस. मला वाटायचं तुलाच तशी भाकर आवडते. आणि उपास? मी संकष्टीलासुद्धा दुपारी चिवडा खाणारी बाई. कुणासाठी उपास धरले मी?

म्हणजे तू दोन्हीकडून चालवलं होतंस. इकडे येऊन म्हणायचीस, हे म्हणले. तिकडे जाऊन म्हणायचीस, धाकटी म्हणते. आणि आम्ही दोघं येडे, एका दाराच्या अलीकडे-पलीकडे बसून इतकी वर्षं एकमेकांचे उपकार मानत राहिलो.

माझ्या ओठावर प्रश्न होता. तू चिडून सावलीत जाऊन बसलीस तोच. विचारू शकले असते: दादा, मनीषाला शिकू द्या असं तुम्ही म्हणाला होतात का? आता मधे कुणी नव्हतं, उत्तर सरळ मिळालं असतं. मी तोंड उघडलं आणि मिटलं. समजा ते म्हणाले असते, मी नुसता हं म्हणालो होतो, तर काय बदलणार होतं? ती माया नसती आली का माझ्याकडे? माझ्यासमोर बसलेल्या ह्या पांढऱ्या भुवयांच्या माणसाची होती ती, असं मी धरून चालले होते, आणि तो माणूस माझी माया धरून चालला होता. तू पेरलंस, आणि ते उगवलं. बी कुणाच्या घरातलं होतं हे आता विचारून काय करू?

तेव्हा ते भांडण मी सोडलं. तू जिंकलीस असं मात्र मी म्हणणार नाही. नुसतं सोडलं.

मी दादांना एवढंच म्हणाले, “व्हय दादा. मला काळजी वाटतेच तुमची.” आणि म्हणताना लक्षात आलं, की हे खरं आहे.

संतोष आला. मी त्याला आत घेतलं, पाणी दिलं, समोर बसवलं. “बाळा, दादा म्हणून राहिले, तू घ्यायला आलास यातच त्यायला समदं मिळालं. पोरगं असावं तर असं म्हणले. पर हळद रानात उभी हाय, ती निघाल्याबिगर पाय निघत न्हाई त्यायचा. निघाली की येतो म्हणले, चार दिस ऱ्हातो, नातीला बघतो.”

संतोषने माझ्याकडे बघितलं. “काकू, दादा एवढं बोलले?”

“माझ्यासमोर बोलले,” मी म्हणाले.

त्याने पाण्याचा पेला खाली ठेवला. मग ओसरीवर गेला, बापाला मिठी मारली आणि दुपारून एकटाच निघाला. जाताना तुझी चप्पल पिशवीत घालून घेऊन गेला. मी अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी रानातल्या मोटारीला वीज पहाटे मिळणार होती. दादांच्या खोलीचं दार वाजलं, चप्पल घासत ते अंगणात आले. बाहेर एवढी थंडी की तोंडातून वाफ निघत होती. मी चुलीपाशी चहा टाकत होते. आजवर ह्या वेळी तू उठून त्यांच्या मागे जायचीस, आणि मला वाटायचं फाटक लावायला जातेस.

मी दारात आले. पदर घेतला होता, तेवढी सवय काही सुटत नाही. ते खांद्यावर उपरणं टाकून निघालेच होते.

“दादा,” मी म्हणाले, “स्वेटर घालून जा.”

ते वळले, आत गेले, स्वेटर घालून आले. मी ते आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं होतं, अक्का. त्यांना ते दर हिवाळ्यातलंच वाटलं.